साहेबाची सैर आणि मायचं लुगडं

चालण्यासाठी चालणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो आमच्या माळावर. आमच्या गावात माणूस पाण्याला चालायचा, सरपणाला चालायचा, औतामागं चालायचा, जिंतूरच्या बाजाराला चालायचा, आणि शेवटी चौघांच्या खांद्यावरून जायचा, तेवढाच काय तो प्रवास फुकट. पण सकाळी पोटभर न्याहरी करून हातात छडी घ्यायची, दोन कोस तंगडतोड करायची आणि जिथून निघालो तिथंच परत यायचं, हातात ना काटकी ना घागर, आणि वर त्याची लाज नाही, हा प्रकार आमच्या कुणाच्या बापजन्मी पाहण्यात नव्हता. हे साहेब हैदराबादेहून आले होते, जंगलाचा कारभार पाहणारे कुणी बडे असामी. त्यांचं नाव गावात कुणालाच धड कळलं नाही. नावाआधी इतकी बिरुदं होती की ती म्हणून होईपर्यंत दवंडीवाल्याचा दम जायचा, आणि मग तो नुसतंच 'साहेब' म्हणून डफावर काठी मारायचा.

आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी होतं. अर्धी घटका घाट चढला की वर सपाट माळ लागायचा, थेट पल्याडच्या वाडीपर्यंत. काळ्या खडकाच्या लाद्या, कुसळी गवत, पळसाची खुरटी झाडं, आणि वारा असा की शब्द तोंडातून निघायच्या आतच कानामागं. या माळाला साहेब 'कोहिस्तान' म्हणाले, म्हणजे डोंगरी मुलूख. इथली हवा अमक्या आजाराला चांगली, तमक्याला उत्तम, असं त्यांनी पायथ्याशी उभं राहून, मोठमोठे श्वास ओढत सांगितलं. माय मागं परसात शेण थापत होती. ती म्हणाली, "हवेनं बरं व्हायला लागलं तर आमी आजपस्तोर मेलोच नसतो की."

माझे वडील, आमी त्यांना आबा म्हणायचो, गावचे माली पाटील, म्हणजे सरकारचा सारा गोळा करणारे. उंचेपुरे, भरघोस मिशा, आवाज असा की खळ्यावर ओरडले तर वेशीजवळचं कुत्रं उठून बसायचं. पण सरकारी कागद दिसला की हा एवढा माणूस पाण्यात टाकलेल्या मिठासारखा विरघळायचा. कागद आला की ते आधी हात धुवायचे, मग डोक्याला लावायचे, मग पागोट्यात खोचायचे. त्यात काय लिहिलंय ते नंतर कुणाकडून तरी वाचून घ्यायचं, त्याची घाई नसायची. हुकूम आला हेच पुष्कळ झालं. मायचा आणि त्यांचा संसार म्हणजे एक सदा वाकलेला आणि एक कधीच न वाकलेली. पहाटे जात्यावर बसली की ती ओव्या म्हणायची, आणि त्या ओव्यांत मधेच आबांचा एखादा हुकूम गुंफून द्यायची. बाहेर ओसरीवर आबा दात घासत ऐकायचे आणि ऐकूच आलं नाही असा चेहरा करायचे. पंधरा वर्षांची मी जात्याचा दुसरा खुंटा धरून हसू दाबायची, आणि पीठ जाडं पडलं म्हणून बोलणी खायची.

त्या साली संक्रांत होऊन गेली होती. शेतात हुरडा संपत आला होता आणि घरात एकच विषय होता, आक्काला आणायचं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण गंगू. तिला माळापल्याडच्या वाडीत दिलेली. तिला सातवा लागून बरेच दिवस झाले होते, आणि आमच्याकडं आठव्यात पोटुशी बाईला हलवत नाहीत. म्हणजे चार दिवसांत आणली तर आणली, नाहीतर बाळंतपण सासरी. सासरच्यांचं काही वाईट नव्हतं, पण तिथं सुईण नव्हती आणि सासू आजारी. शिवाय आदल्या साली काय झालं होतं ते कुणी तोंडानं बोलत नसलं तरी सगळ्यांच्या डोळ्यांत होतं. तेव्हा आबांनी मोठेपणानं छकडा पाठवला होता, गादी टाकून. माळ सोडून गाडीवाटेनं यायचं म्हणजे डोंगराला वळसा, तीन ओढे आणि दगडाधोंड्याची वाट. दुसऱ्या ओढ्यात चाक आदळलं आणि आक्काचं पाचव्या महिन्याचं पोर तिथंच गेलं. त्या दिवसापासून मायनं छकड्याकडं पाहणं सोडलं. "औंदा माजी लेक पायानं येईल," ती म्हणायची, "माळावरून, बसत-उठत, पण पायानं."

नेमका तेव्हाच माळ बंद झाला. साहेब पंधरा दिवस माळावर तंबू ठोकून राहणार, रोज सैर करणार, त्यांना एकांत पाहिजे, तोवर माळावर माणूस, जनावर, शेळी, काही फिरकायचं नाही, असा हुकूम. साहेबांना बरोबर वाटाड्याही नको होता. एकट्यानं निसर्ग पाहायचा होता. मग त्यांनी चुकू नये म्हणून आमच्या गफूर नाकेदारानं, म्हणजे जंगलाच्या राखणदारानं, काय केलं, तर तंबूपासून कड्यापर्यंतच्या वाटेवर झाडाझुडपांना लाल खारव्याच्या चिंध्या बांधल्या. चिंधी बघत जायचं, कड्यावरून नजारा बघायचा, चिंधी बघत परत यायचं. गफूरचाचा आमच्या शेजारचाच, मायला भाभी म्हणणारा, आमच्या घरचे धपाटे खाऊन वाढलेला. पण त्यानं ही चिंध्यांची अक्कल गावात कुणाला सांगितली नाही. माळावर कुणी जाणारच नाही तर सांगायचं कशाला!

हल्ली माझा नातू पुण्याहून येतो. पाठीवर ही एवढी पिशवी, पायात रणगाड्याएवढे बूट, आणि विचारतो, "आजी, तुमच्या त्या माळावर ट्रेकला जाता येतं का गं?" मी म्हणते, जाता येतं बाबा, पण डोक्यावर मोळी घेऊन गेलास तर लौकर कळेल. तो हसतो. त्याला वाटतं आजी विनोद करते. चाळीस वर्षं मी शाळेत पोरांना शिकवलं, विनोद कधी केला नाही.

तर आबा आणि माय. आबा गफूरचाचाकडं जाऊन आले आणि ओसरीवर बसून घसा खाकरू लागले. माय चुलीपाशी येसराची आमटी ढवळत होती. तिनं न बघताच विचारलं, "काय म्हनला गफूर?"

"पंधरा दिवस थांबा म्हनतो."

"पोटातल्याला सांगितलं का त्यानं, पंधरा दिवस थांब म्हून?"

"सरकारचा हुकूम हाय, गंगूची माय. मी पाटील. मीच मोडला तर गाव काय म्हनंल?"

"गाव म्हनंल, पाटलाला लेक होती." मायनं आमटीचं पातेलं असं आदळलं की चुलीतली राख उडाली. "तुमी सायबाची हवा बगत बसा. म्या जाते."

आबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त पागोटं काढून मांडीवर घेऊन बसले, आणि मला त्या वेळी त्यांचा इतका राग आला की जेवताना भुरका मी मुद्दाम त्यांना वाढला नाही. घरात चटणीचा बहिष्कार टाकण्यापलीकडं पंधरा वर्षांच्या मुलीच्या हातात काय असतं?

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला माय आणि मी निघालो. फडक्यात धपाटे, तांब्याच्या कळशीत पाणी. साहेब आठाशिवाय उठत नाहीत ही बातमी गावभर होती. घाट चढून वर आलो, पाखरं नुकती बोलायला लागली होती. घाटमाथ्यावर एक बोरीचं झुडूप होतं, ते म्हणजे चिंधीआई. माहेराला येणारी-जाणारी प्रत्येक बाई तिथं आपल्या लुगड्याची चिंधी फाडून बांधायची. न बांधता पुढं गेलं की वाट चुकते, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक. आणि दुसरा नेम असा, की जिथं कुठं चिंधी दिसेल तिथं आपली एक बांधायचीच. देवी तिथं बसली आहे असं समजायचं. मायनं आपल्या जुन्या लाल लुगड्याची एक चिंधी बांधली, हात जोडले, "माज्या लेकीला धड घेऊन येऊ दे" म्हणाली, आणि आमी चालू लागलो.

साहेबांचा निजलेला तंबू बाजूला टाकून पन्नास पावलं जातो न जातो तोच माय थबकली. पळसाच्या फांदीला लाल चिंधी!

"अगं बया! हितं कवा आली ही?"

देवी वाढली होती. मायनं पदराला दात लावला, टरकन एक पट्टी फाडली आणि बांधली. पुढं वीस पावलांवर पुन्हा. पुन्हा वीस पावलांवर पुन्हा. मला तर दर्शनाचा आनंदच होत होता, पण मायचं तोंड उतरत चाललं. "काय संकट हाय कुनास ठाऊक," ती पुटपुटली, "येवढी जागाजागी उबी हाय म्हंजी आपल्या गंगूवर काय तरी येनार हाय. एक बी सोडू नगंस." मी काटे चुकवत बांधत होते, ती फाडत होती. लुगडं नऊवारी होतं ते आधी आठवारी झालं, मग सातवारी.

मग आला फाटा. डावीकडची वाट कड्याकडं जाते, उजवीकडची वाडीला. चिंध्या सगळ्या डावीकडं. माय घोटाळली. देवी डावीकडं आणि लेक उजवीकडं. शेवटी लेक जिंकली, पण देवीकडं पाठ कशी करायची? "आपल्या वाटंवर बी बांध," ती म्हणाली. "तिला म्हनावं, तू बी चल आमच्यासंगं." म्हणून मग मी उजवीकडच्या वाटेवरही दर वीस पावलांवर बांधत गेले, आणि जाताजाता डावीकडच्या पहिल्या दोन-तीन चिंध्या वाऱ्यानं सुटून लोंबत होत्या त्या सोडून इकडंच आणल्या. देवीला तेवढाच हात दिला. लुगडं गुडघ्याच्या वर जायला लागलं तेव्हा मायनं हात थांबवला. "बास. देवीला बी बाईचा जलम हाय, समजंल तिला."

वाडीत पोचलो तेव्हा आक्का अंगण झाडत होती. तिनं आधी मायला बघितलं, मग मायचं लुगडं बघितलं आणि रडायची ती हसायलाच लागली. पोटाला दोन्ही हात लावून हसली. सासूनं मायला आपलं एक लुगडं देऊ केलं, मायनं घेतलं नाही. घाईत दोन घास खाल्ले आणि ऊन चढायच्या आत निघालो. आक्का मधे, माय पुढं, मी मागं. शंभर पावलं चालायचं, बसायचं. आक्काच्या पायाला सूज होती आणि तोंडावर ती न दाखवण्याचा हट्ट. प्रत्येक वेळी उठताना ती माझा खांदा धरायची, आणि त्या धरण्यावरून मला कळायचं की आता किती जोर उरलाय. मला भीती वाटत होती. खरं सांगते, इतकी भीती मला नंतर रझाकारांच्या दिवसांतही वाटली नाही.

जिथं आमच्या चिंध्या संपल्या होत्या, तिथं खडकाची मोठी लादी होती. लादीवर वाट दिसत नाही, ती माहीत असावी लागते. त्या लादीच्या मधोमध साहेब बसले होते. एक बूट पायात, एक हातात. टाचेला पावलीएवढा फोड. टोपी मांडीवर, चेहरा टमाट्यासारखा लाल, आणि ओठ कोरडे ठाक. सकाळी नऊला निघून, लाल चिंध्यांवर पूर्ण विश्वास ठेवून, एकांतात निसर्ग बघत बघत ते इथवर आले होते, आणि इथं येऊन चिंध्यांनी त्यांना सोडून दिलं होतं; पुढची शोधता शोधता मागचीही हरवली होती. एकांत मात्र मिळाला होता, मुबलक.

आमाला बघून ते आधी उठायला गेले, मग फोड आठवून बसले. मग त्यांना आपला हुद्दा आठवला.

"इधर आना मना है! मालूम नहीं?"

माय म्हणाली, "मालूम हाय. आमी चाललोच खाली. तुमी बसा."

आणि खरंच चालू लागली. साहेबांनी एकदा आमच्याकडं, एकदा चारी बाजूंच्या लाद्यांकडं पाहिलं.

"रुको, रुको. ये रास्ता किधर जाता है?"

"कोनता?"

साहेबांनी छडी उचलली आणि कुठं रोखावी ते न कळून खाली ठेवली, कारण रस्ता नव्हताच. कायदा सगळा त्यांच्याकडं होता आणि पाणी सगळं आमच्याकडं. मायनं कळशी उतरवली, ओंजळीत धार धरली, आणि तो एवढा मोठा माणूस खाली वाकून घटाघटा प्यायला. मग धपाटं दिलं. ते त्यांनी असं खाल्लं की दुसरं न मागता द्यावं लागलं. मिरची लागून डोळ्यांत पाणी आलं तरी "बहोत खूब, बहोत खूब" चाललंच होतं. मग आमची वरात निघाली. पुढं माय, मागं लंगडणारे साहेब, त्यांच्यामागं आक्का आणि मी. आक्का शंभर पावलांवर बसायची, पण साहेब पन्नासावरच बसू लागले. आक्का माझ्या कानात म्हणाली, "यांला कितवा लागला गं?" मला हसू आवरेना.

फाट्याशी आलो तोच समोरून धावपळ दिसली. साहेब हरवले म्हणून तंबूवर हलकल्लोळ उडाला होता. गफूरचाचा पुढं, आणि मागं आमच्याच गावचे चौघे बेगारी, खांद्यावर साहेबांची खुर्ची. खुर्चीला दोन्हीकडं बांबू बांधलेले आणि वर उन्हासाठी भली मोठी काळी छत्री. गफूरचाचानं सलाम केला, माफी मागितली, मग त्याची नजर पळसाच्या फांदीवर गेली. तिथं त्याच्या खारव्याच्या चिंधीशेजारी एक लुगड्याची चिंधी फडफडत होती. त्यानं चिंधीकडं पाहिलं. मायच्या गुडघ्यांकडं पाहिलं. पुन्हा चिंधीकडं पाहिलं. त्याचा चेहरा मी अजून विसरले नाही. नोकरी जाणार का राहणार हे आता एका शब्दावर होतं, आणि तो शब्द त्यानं गिळला. "हवा, सरकार," तो साहेबांना म्हणाला. "इधर की हवा बहोत खराब है. सब इधर का उधर कर देती है."

साहेब हुश्श करून खुर्चीत बसले. चौघांनी "हं" करून खुर्ची उचलली. आणि त्याच वेळी आक्का खाली बसली. या वेळी ती शंभर पावलं झाली म्हणून बसली नव्हती. तिनं माझा हात धरला होता, आणि बोटं मोडतील असा. तोंड पांढरं. "माय," ती एवढंच म्हणाली, "चालवत न्हाई."

अजून सगळा घाट उतरायचा होता. माय गेली आणि खुर्चीच्या पुढं वाटेत उभी राहिली. गुडघ्यापर्यंत फाटकं लुगडं, हातात रिकामी कळशी.

"सायेब, उतरा."

गफूरचाचाच्या तोंडून "भाभी!" असं कायतरी निघालं. बेगारी दगडासारखे. साहेबांना कळलंच नाही, किंवा कळलं आणि खरं वाटलं नाही. "क्या?"

"उतरा म्हनते. तुमी हितं चालायला आलाव ना? चालायसाठी समदा माळ बंद केलाव ना? मंग चाला की! माजी लेक काय हौसंनं चालायली न्हाई."

गफूरचाचानं हे हिंदीत करून सांगायला तोंड उघडलं, पण साहेबांनी हात वर केला. मी आजवर त्या माणसाला पुष्कळ नावं ठेवली, आताही ठेवतेय, पण हेही सांगितलं पाहिजे. त्यांनी आक्काकडं पाहिलं. तिच्या पोटाकडं, सुजलेल्या पायांकडं. मग ते खुर्चीतून उतरले. लाजेनं, की धपाट्याच्या उपकारानं, की मायच्या भीतीनं, ते त्यांनाच ठाऊक. चौघा बेगाऱ्यांनी आक्काला अशी उचलून बसवली की काचेची बरणी ठेवावी. त्यातला म्हातारा म्हणाला, "बस माय. जलमात पयल्यांदा खांद्याला वजन लागंना झालंय." आणि घाट उतरायला सुरुवात झाली. पुढं खुर्ची, मागं एक बूट हातात घेतलेले साहेब, गफूरचाचाच्या खांद्यावर हात टाकून. प्रत्येक पायरीला "या अल्ला". ती त्यांची खरी सैर.

आक्काची कळ बसल्यावर शांत झाली. दोन महिने ती आमच्या माजघरात डिंकाचे लाडू खात लोळली आणि वेळेवर, सुईणीच्या हाती, सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. पण त्या दुपारी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आमी नुसते खुर्चीच्या बांबूंकडं बघत उतरत होतो, कुठं आदळू नये म्हणून.

वेशीवर आबा उभे होते. माय आणि मी माळावर गेल्याचं त्यांना सकाळीच कळलं होतं, आणि मग साहेब हरवल्याचंही. दोन्ही मिळून काय झालं असेल याची त्यांनी कल्पना केली असावी, कारण पागोटं नवं बांधलं होतं आणि चेहरा प्रेतासारखा होता. घाटावरून काळी छत्री खाली येताना दिसली. साहेब वळणामागं राहिले होते, आमी दोघी खुर्चीच्या आडोशाला. आबांना दिसली ती फक्त खुर्ची, चौघांचे पाय आणि छत्री. पाटील धावत पुढं आले आणि कमरेतून वाकले. हात जमिनीला, कपाळाला, पुन्हा जमिनीला. वाकलेलेच राहिले. "कसूर माफ, सरकार," ते जमिनीला सांगू लागले, "बाया येडसर हायत, लेकीच्या मायेनं गेल्या, काय सजा द्यायची ती मला द्या, पन त्यांला..." पुढं त्यांचा आवाज फुटला. त्या आवाजात मी आबांना पहिल्यांदा ऐकलं.

खुर्ची थांबली. छत्रीखालून आक्का रडत-हसत म्हणाली, "आबा, अवो आबा, म्या हाय. उटा."

आबा उठेनात. त्यांनी मान वर केली नाही, नुसते खांदे हलत होते. मी पुढं होऊन त्यांना उठवायला गेले तर मायनं माझा दंड धरला.

"ऱ्हाऊ दे वाकलेलं," ती म्हणाली. "जलमात पयल्यांदा बरुबर मानसापुढं वाकलेत."